घामाघूम घोडीवर गार पाणी ओतावं का?

उन्हाळ्यात घोडा पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. बीडहून धाराशिवकडे निघून मांजरसुंब्याचा घाट चढला की पुढे बालाघाटाच्या पठारावर महामार्गालगत चौसाळा लागतं. वैशाखात या भागात लग्नाच्या तिथी दाट असतात. भर दुपारी नवरदेवाचा परण्या, म्हणजे घोडीवरची मिरवणूक, निघतो, मारुतीच्या पारापाशी थांबतो आणि नवरदेव खाली उतरतो. घोडीच्या मानेवर पांढरा फेस असतो, कुशी धपापत असतात. कुणीतरी बादली घेऊन पुढे होतं आणि चार जण एकदम ओरडतात, "गरम अंगावर गार पाणी टाकू नको, घोडी आखडंल!" पाजायचीही घाई नको म्हणतात, आधी निवू दे. बादली तशीच बाजूला राहते.

ओरडणाऱ्यांच्या मनात घोडीबद्दल काळजीच असते. पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे का, हे ठरवण्याआधी घोड्याचं अंग उन्हाळ्यात कसं चालतं ते एकेक पायरीने समजून घेऊ. त्यासाठी एक घोडी डोळ्यांपुढे धरू. समजा, चौसाळ्याच्या माळावरच्या शेतात एक तीनशे किलो वजनाची घोडी आहे. सकाळी ती शेतावर असते आणि लग्नसराईत परण्याला जाते. सगळे हिशेब तिच्याच नावावर मांडू.

१. अंगातली उष्णता येते कुठून?

निरोगी घोड्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे थर्मामीटरवर ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट. बाहेर डिसेंबरची थंडी असो की मेमधला ४२ अंशांचा जाळ, हा आकडा फार हलून चालत नाही. पण त्याला हलवू पाहणारी उष्णता तीन वाटांनी येते.

पहिली वाट स्नायूंची. विहिरीवरचं डिझेल इंजिन आठवा. त्यात घातलेल्या सगळ्या डिझेलचं पाणी उपसलं जात नाही. बरंचसं इंजिन तापवण्यातच जातं, म्हणून त्याला थंड पाणी फिरवावं लागतं. घोड्याचे स्नायूही तसेच. खर्च होणाऱ्या शक्तीचा साधारण चौथा हिस्सा चालण्या-पळण्याच्या कामी येतो, उरलेले तीन हिस्से उष्णता होऊन अंगातच राहतात.

दुसरी वाट पोटातून येते. उकिरड्यात हात घातला तर आतून गरम लागतो, कारण सूक्ष्म जीव तिथे काडीकचरा कुजवत असतात. घोड्याच्या मोठ्या आतड्यात कडबा असाच आंबतो. त्यातून पोषण मिळतं आणि उष्णताही निघते.

तिसरी वाट बाहेरची. वरून ऊन, खालून तापलेला डांबरी रस्ता, बाजूने भिंतींची धग. मेमध्ये हवाच अंगापेक्षा जास्त तापलेली असते. मग वाराही अंगाला थंड करण्याऐवजी तापवतो.

२. भाकरी आणि भाताचा हंडा

तव्यावरून टोपलीत टाकलेली भाकरी पाच मिनिटांत निवते. लग्नातल्या हंड्यातला भात मात्र पंगत उठली तरी वाफाळत असतो. दोन्ही सारखेच तापलेले होते, पण भाकरी पातळ आहे आणि तिचं सगळं अंग हवेला लागतं. हंड्यातल्या भाताचा मोठा भाग आतच दडलेला असतो.

माणूस आणि घोडा यांच्यात हाच फरक आहे. माणसाच्या एक चौरस मीटर कातडीला साधारण चाळीस किलो अंग थंड करावं लागतं. पाचशे किलोच्या घोड्याच्या तेवढ्याच कातडीवर शंभर किलोंचा भार असतो. म्हणून ज्या उन्हात आपण नुसते वैतागतो, त्यात काम करणारा घोडा आतून उकडत असतो.

आपल्या तीनशे किलोच्या घोडीवर हाच भार पंच्याऐंशी किलोंच्या आसपास येतो. म्हणजे लहान चणीचं जनावर थोडं लवकर निवतं. भीमेच्या खोऱ्यात वाढलेली भीमथडी तट्टं मराठ्यांच्या घोडदळात होती आणि आजही मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहतात. ती उंचीने बेताची, अंगाने काटक आहेत. दख्खनच्या उन्हात अशी बेताची चण कामाचीच ठरते.

आणखी एक अडचण आहे. कुत्रा तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि निवतो. घोड्याला ते जमत नाही, कारण तो फक्त नाकाने श्वास घेतो. विसाव्यात त्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात. तापल्यावर नाकपुड्या फुलतात, श्वास वाढतो, पण त्याने थोडीच उष्णता जाते. मुख्य भरवसा राहतो तो घामावर.

३. चालता-बोलता माठ

माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. घोड्याची कातडी असाच माठ आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपल्या घोडीचं अख्खं अंग एक अंशाने तापायला साधारण २५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे एक लिटर घाम वाळला की दोन अंशांहून जास्त ताप टळला. कष्टाच्या कामात मोठा घोडा तासाला दहा लिटरांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो.

मात्र इथे "वाळला" हा शब्द महत्त्वाचा आहे. टपटप गळून मातीत पडलेला घाम फारशी उष्णता नेत नाही. घोड्याच्या घामात लॅथरिन नावाचं एक प्रथिन असतं. ते रिठ्यासारखं काम करतं. केसांवर घाम पसरवतं, म्हणजे तो लवकर वाळतो. मानेवर आणि मांड्यांमध्ये दिसणारा पांढरा फेस याच प्रथिनामुळे येतो. तो आजार नाही.

आता माठाचीच दुसरी सवय आठवा. चैत्रात तो पाणी चांगलं गार करतो, पावसाळ्यात करत नाही, कारण दमट हवेत पाझरलेलं पाणी वाळतच नाही. घोडेवाल्यांचा एक सोपा ठोकताळा यावरूनच निघाला आहे. फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता यांची बेरीज करा. ती १५० च्या वर गेली की घाम वाळणं मंदावतं, १८० च्या पुढे काम बंद ठेवलेलं बरं.

मेमधली दुपार घेऊ. ४२ अंश सेल्सिअस म्हणजे १०८ फॅरनहाइट, आर्द्रता २०. बेरीज १२८. आता जूनचा पहिला आठवडा, वळीव पडून गेलाय. ३५ अंश म्हणजे ९५ फॅरनहाइट, आर्द्रता ६५. बेरीज १६०. पारा सात अंशांनी उतरला, तरी घोडीचं निवणं अवघड झालं. "आता ऊन कमी झालं" म्हणून जूनमध्ये घोडीला जास्त राबवणं हा फसवा हिशेब आहे.

पण मेची बेरीज कमी दिसली म्हणून ती दुपार बिनधोक होत नाही. कोरड्या हवेत घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडं दिसतं, आणि घोडीच्या आतलं पाणी मात्र भराभर संपत असतं.

४. आमटी आटली की काढून घेतली?

मग तहान लागली की घोडी पिईलच ना? इथेच मोठा गैरसमज आहे.

आमटी चुलीवर आटली की खारट होते, कारण पाणी गेलं आणि मीठ मागे राहिलं. माणसाचा घाम बराचसा पाणीदार असतो. घाम गेला की रक्त असं आटल्यासारखं खारट होतं, मेंदूला ते कळतं आणि घसा कोरडा पडतो. घोड्याचं वेगळं आहे. त्याचा घाम जवळपास रक्ताइतकाच, कधी त्याहूनही खारट असतो. पातेल्यातून पळीपळीने आमटी काढून घेतली तर उरलेली कमी होते, चव मात्र तीच राहते. चव बदलली नाही, म्हणून मेंदू तहानेची हाक देत नाही. घोडी बरंच पाणी गमावून बसलेली असते आणि समोरची बादली नुसती हुंगून तोंड फिरवते. मालक म्हणतो, तहान नाही वाटतं तिला.

यावर उपाय मिठाचा. एक लिटर घामात साधारण दहा ग्रॅम क्षार जातात. घोडीने सहा लिटर घाम गाळला तर साठ ग्रॅम गेले. कामाच्या दिवशी खाण्यात मीठ वाढवलं की झीज भरून निघते आणि तहानही जागी होते. रोज एक मोठा चमचा मीठ ओल्या भरड्यात कालवावं. घामाच्या दिवशी आणखी दोन-तीन चमचे विभागून द्यावेत. गव्हाणीपाशी सैंधवाचा खडा टांगून ठेवावा. एकच अट आहे, मीठ दिलं की पाणी हाताशी असलंच पाहिजे. पाण्याविना मीठ अपायच करतं.

५. पाण्याचा हिशेब, बादलीच्या भाषेत

विसाव्यातल्या घोड्याला थंड दिवसात शंभर किलो वजनामागे साधारण पाच लिटर पाणी लागतं. आपल्या घोडीला पंधरा लिटर, म्हणजे एक बादली. मेमध्ये कोरडा कडबा आणि उष्मा, दोन्ही मिळून ते दुप्पट होतं. दोन बादल्या. त्यात परण्याला जाऊन सहा-सात लिटर घाम गेला की अडीच बादल्या. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात अडीच बादल्या जड जातात, हे खरं आहे. म्हणून घोडी पाळायचं ठरवतानाच हा हिशेब घरात बोलून घ्यावा.

पाणी एकदाच पुढे ठेवू नका, दिवसातून पाच-सहा वेळा ठेवा. हाळ किंवा रांजण सावलीत हवा, कारण उन्हात तापलेलं पाणी घोडी पुरेसं पीत नाही. शेवाळ आलेली हाळ घासून घ्या. बादलीला आतून खडूने रेघ मारली तर किती प्याली ते रोज कळतं.

दुसरी खूण लिदीची. मऊ, ओलसर, पडताच फुटणारे गोळे म्हणजे पाणी पुरतंय. लहान, कडक, चकाकणारे गोळे म्हणजे आतडं पाण्याला आसुसलंय. तेव्हाच लक्ष दिलं नाही तर कोरडा चारा आतड्यात अडकून पोटशूळ होतो. घोड्याला ओकारी काढता येत नाही, त्यामुळे पोटातला बिघाड जिवावर बेततो.

६. सावली हलते, दावं हलत नाही

सकाळी लिंबाच्या गार सावलीत बांधलेली घोडी दुपारी बारा वाजता उन्हात उभी असते, हे दृश्य फार नेहमीचं आहे. सावली सरकली आणि दावं तिथेच राहिलं. सोयीची जागा शोधताना दुपारी एक ते चारची सावली बघून खुंटी ठोकावी.

झाडाची सावली सगळ्यात उत्तम, कारण पानं स्वतः पाणी सोडतात आणि खालची हवा थोडी थंड राहते. पत्र्याचं छप्पर मात्र तव्यासारखं तापतं आणि खाली धग फेकतं. पत्रा असेल तर वर चुना मारा, त्यावर उसाच्या पाचटाचा किंवा तुराट्यांचा जाड थर टाका. छप्पर दहा-बारा फूट उंच असावं, लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, दोन बाजू मोकळ्या असाव्यात. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं तर कोरड्या हवेत ते कूलरचं काम करतं. दमट दिवशी मात्र ते काढून टाकावं.

रात्री घोडीला बंद खोलीत कोंडू नका. पठारावर उन्हाळ्यातही रात्री आभाळ निरभ्र असेल तर हवा बरीच उतरते. दिवसभर साठलेली उष्णता अंगाबाहेर टाकायला तीच वेळ असते.

७. चारा कधी, चंदी किती

कडबा आंबताना उष्णता निघते, हे आपण पाहिलं. म्हणून वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी आणि रात्री टाकावा, दुपारी थोडाच. कुट्टी करून पाण्याचा शिपका मारला तर धूळ बसते आणि पोटात पाणीही जातं. लसूणघास किंवा हिरवा मका मिळाला तर थोडा-थोडा द्यावा. उष्णता नको म्हणून वैरण तोडून हरभऱ्याची चंदी वाढवणं चूक आहे. जास्त दाण्याने पोटशूळ होतो, खुरांच्या आत सूज येते आणि घोडी कायमची लंगडते.

ज्वारीच्या शेतात आणखी जपावं लागतं. शाळू काढून झाल्यावर वळीव पडला की धसकटांना कोवळी फूट येते. तिच्यात किराळ असते, म्हणजे सायनाइडचं विष. गुरं त्याने तासाभरातही दगावतात. घोड्याचं पोट गुरांपेक्षा वेगळं आहे, पण हिरवी ज्वारी बरेच दिवस चरली तर मूत्राशय बिघडतो आणि मागच्या पायांचा तोल जातो. चांगला वाळलेला, बिनबुरशीचा कडबा मात्र चालतो.

सकाळचा खरारा उन्हाळ्यात चुकवू नये. मेलेले केस आणि घामाचं मीठ निघालं की कातडी मोकळी होते. माश्यांसाठी आयाळ आणि शेपूट लांबच ठेवावी. तोच तिचा पंखा आहे.

८. लग्नसराईतली घोडी

उन्हाळ्यातलं सगळ्यात कठीण काम परण्याचं. वेळ दुपारची, रस्ता डांबराचा, कानाशी डीजे आणि पुढे नाचणारी मंडळी. अंगावर जरीची जाड झूल. माठाला प्लास्टिक गुंडाळलं तर तो पाणी गार करील का? झुलीखालचा घाम तसाच अडकतो. उन्हाळ्यात मानेवर आणि पुठ्ठ्यावर हलका शृंगार करावा, पाठ आणि कुशी मोकळ्या ठेवाव्यात.

वरातीसाठी पांढऱ्या नुकऱ्या घोड्यांना मोठी मागणी असते. त्यांची कातडी गुलाबी असते आणि नाकाभोवती, डोळ्यांभोवती उन्हाने भाजते. तिथे रोज झिंकचं मलम लावावं.

घोड्याचं अंग उन्हात काम करायला शिकतं, पण त्याला दोन ते तीन आठवडे लागतात. हिवाळाभर उभी असलेली घोडी पहिल्याच तिथीला चार तास फिरवू नका. दोन आठवडे आधीपासून सकाळी थोडं-थोडं चालवून सवय लावा.

कायद्यानेही याचा विचार केलेला आहे. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ सालचे केंद्राचे नियम आहेत. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावराला कामाला लावता येत नाही. दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही. तट्टावर ७० किलोंपेक्षा जास्त ओझं नाही. परण्याची घोडी ओझ्याच्या तट्टाहून वेगळी धरली, तरी तिची कातडी आणि तिचा घाम तोच आहे. परण्या सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर काढला तर लग्नाची शोभा कुठेच कमी होत नाही.

९. ऊन लागलं, आता काय?

दावणीपाशी एक साधा थर्मामीटर ठेवा. त्याला दोरी बांधा, गुदद्वारात धरून तापमान घ्या. कामानंतर ३९ अंशांपर्यंत चढणं नेहमीचं आहे आणि विसाव्यात ते उतरू लागतं. ४० अंश, म्हणजे १०४ फॅरनहाइट, झाले आणि उतरत नसले तर धोका आहे. ४१ म्हणजे जिवावरचा प्रसंग. थर्मामीटर नसेल तर बघा: विसावा देऊनही धाप कमी होत नाही, घाम एकाएकी थांबून कातडी कोरडी-कढत लागते, हिरड्या गडद लाल होतात, घोडी झोकांड्या खाते, खात-पीत नाही. यातलं काहीही दिसलं की वाट पाहू नका.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. १९९६ चं ऑलिंपिक अटलांटात, जुलैच्या दमट उन्हाळ्यात व्हायचं होतं. तिथे घोड्यांचे काय हाल होतील या चिंतेने शास्त्रज्ञांनी आधीच कसून अभ्यास केला. तापलेल्या घोड्यांवर थंड पाणी ओतून पाहिलं. घोडे आखडले नाहीत. उलट तापमान झपाट्याने उतरलं. हंड्यातल्या भाताचा हिशेब लावला तर कारण उघड आहे. आत इतकी उष्णता कोंडलेली असते की कातडीवरून सतत वाहणारं गार पाणी ती खेचून नेतं, स्नायूंना थंडीने आखडवत नाही.

तेव्हा खोगीर आणि झूल उतरवा. घोडीला सावलीत, वाऱ्यात आणा. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, कुशी, पोट, पाय, सगळीकडे पाणी ओतत राहा. ओलं पोतं टाकून तसंच ठेवू नका, ते तापतं आणि ऊब धरतं. पाणी कमी असेल तर तांब्याने मानेवर, छातीवर आणि मांड्यांच्या आतून ओता, तिथे मोठ्या शिरा कातडीजवळ असतात. तापमान ३९ पर्यंत येईपर्यंत थांबू नका.

पाजायचंही तसंच. तहानलेल्या घोडीला पाणी रोखून धरायचं कारण नाही. अर्धी बादली पिऊ द्या, दोन मिनिटं चालवा, पुन्हा पुढे करा. हे चालू असतानाच १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा. तापलेली घोडी टेम्पोत घालून दवाखान्याकडे पळवू नका. आधी निववायची, मग हलवायची.

मारुतीच्या पारापाशी नवरदेव उतरला की हार घालणारे, फोटो काढणारे पुष्कळ असतात. त्या गर्दीत जो माणूस बादली घेऊन पुढे आला होता, त्याला अडवू नका. तोच बरोबर होता. त्याच्या हातातली बादली रिकामी झाली असेल तर दुसरी भरून द्या.